जकात नाक्यापासून संकेतस्थळापर्यंत : मीरा-भाईंदरमधील व्यापारी व शासनाच्या ऑनलाइन सेवा

१

शासन आणि व्यापारी यांची गाठ नेमकी कोठे पडते, हा प्रश्न आर्थिक इतिहासात दिसतो त्याहून अधिक महत्त्वाचा आहे. करांचे दर बदलतात, कायद्यांची नावे बदलतात; परंतु गाठ पडण्याची जागा बदलली म्हणजे उभयपक्षी संबंधांचे स्वरूपच बदलते. मीरा-भाईंदर परिसरात ही जागा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दोन वेळा बदलली. प्रथम ती रस्त्यावरील जकात नाक्यावर होती. २०१० नंतर ती व्यापाऱ्याच्या हिशेबवहीत आली. आणि २०१७ नंतर ती संगणकाच्या पडद्यावर गेली. या स्थित्यंतराचा विचार करताना सामान्यतः असे म्हटले जाते की, ऑनलाइन सेवा सोयीच्या असतात म्हणून व्यापाऱ्यांनी त्या स्वीकारल्या. याच्या उलट, कायद्याने सक्ती केली म्हणून त्या स्वीकारल्या गेल्या, असेही म्हटले जाते. दोन्ही मतांत तथ्यांश आहे; तथापि त्यांतील कोणतेही एक मत, किंवा दोन्ही एकत्र घेतली तरी, घडलेल्या इतिहासाचा पुरेसा उलगडा करीत नाहीत.

या प्रश्नाच्या अभ्यासास मीरा-भाईंदर हे क्षेत्र विशेष उपयुक्त आहे. भाईंदरची मिठागरे आणि खाडीकाठची शेती-मासेमारीची गावे हे या भागाचे जुने रूप. १९८५ साली येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. मुंबईतील घरांच्या किमती न परवडणारी कुटुंबे, गुजरात-राजस्थानातून व उत्तर भारतातून आलेले व्यावसायिक, आणि येथील मूळचे आगरी, कोळी व ख्रिस्ती रहिवासी अशी ही मिश्र वस्ती आहे. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस शांतीनगर, नयानगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि इमारतींच्या तळमजल्यांवर शेकडो दुकाने आली. भाईंदर पूर्वेस स्टेनलेस स्टीलची भांडी बनविणारे कारखाने वाढले. म्हणजे येथील बाजारपेठ पिढीजात पेठ नव्हे. जुन्या पेठेत व्यापाऱ्याची पत घराण्यावरून, दलालाच्या शब्दावरून आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीवरून ठरे. मीरा रोडच्या बाजारात घेणारा आणि देणारा पुष्कळदा एकमेकांस अनोळखी असतात. पुढील विवेचनात या गोष्टीचे महत्त्व स्पष्ट होईल.

२

प्रथम सोयीच्या उपपत्तीचा विचार करू. नवी पद्धत समाजात कशी पसरते याचे विवेचन एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली केले आणि जुन्या पद्धतीपेक्षा नवीचा लाभ किती अधिक, या घटकास त्यांनी अग्रस्थान दिले. पुढे १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी संगणकाच्या वापरासंबंधी असा सिद्धांत मांडला की, एखादे साधन उपयुक्त वाटते काय आणि वापरण्यास सुलभ वाटते काय, या दोन समजुतींवर त्याचा स्वीकार अवलंबून असतो. या कसोटीवर पाहता मीरा रोडच्या व्यापाऱ्याला ऑनलाइन सेवा फार पूर्वीच प्रिय व्हावयास हवी होती. हे क्षेत्र ठाणे जिल्ह्यात मोडते. परंतु मीरा रोड हे पश्चिम रेल्वेवरील स्थानक, तर जिल्ह्याचे ठिकाण मध्य रेल्वेवर. ठाण्यास जाण्यासाठी दादरपर्यंत जाऊन गाडी बदलावी लागे किंवा घोडबंदर रस्त्याने जावे लागे. विक्रीकराचे मुख्य कार्यालय माझगावला. दुकान एका माणसाच्या जिवावर चालत असेल, तर सरकारी कचेरीतील एका खेपेचा अर्थ दुकान एक दिवस बंद, असा होतो.

परंतु स्वीकाराच्या तारखा सोयीच्या क्रमाने पडलेल्या नाहीत. त्या अधिसूचनांच्या क्रमाने पडल्या आहेत. कंपन्यांना आयकराचे विवरणपत्र ऑनलाइन भरणे २००६ साली सक्तीचे झाले; त्याच वर्षी कंपनी कायद्याखालील कागदपत्रे ऑनलाइन दाखल करण्याची व्यवस्था सुरू झाली. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला आणि २००८ पासून प्रथम मोठ्या व मग टप्प्याटप्प्याने लहान व्यापाऱ्यांना त्याची विवरणपत्रे ऑनलाइन भरावी लागली. सोय ही गोष्ट सर्वांना सारखीच उपलब्ध होती. वापर मात्र ज्या क्रमाने सक्ती लागू झाली त्या क्रमाने वाढला. सोयीमुळे नवी पद्धत सुसह्य झाली असे म्हणता येईल. सोयीमुळे ती आली असे म्हणता येणार नाही.

३

मग सक्ती हेच कारण मानावे काय? पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल यांनी १९८३ साली असे दाखविले की, संस्था एकमेकींसारख्या होत जातात त्याची कारणे तीन : वरून येणारी सक्ती, इतरांचे अनुकरण, आणि व्यावसायिक वर्गाने घालून दिलेले शिरस्ते. यांपैकी सक्तीची परीक्षा घेण्यास स्थानिक संस्था कराचे उदाहरण उपयोगी पडते, आणि त्यात मीरा-भाईंदरला विशेष स्थान आहे.

जकात हा मालाच्या प्रवेशावरील कर. ट्रक नाक्यावर थांबे, कागद तपासले जात, रक्कम भरून पावती घेतली जाई आणि माल पुढे जाई. यात शासन व व्यापारी यांची गाठ क्षणिक असे; नाका ओलांडला की संबंध संपला. २०१० साली जकात रद्द करून तिच्या जागी स्थानिक संस्था कर लागू झालेल्या राज्यातील पहिल्या महानगरपालिकांत मीरा-भाईंदरचा समावेश होता. या करात नाका नव्हता. व्यापाऱ्याने महानगरपालिकेकडे नोंदणी करावयाची, शहरात आणलेल्या मालाचा हिशेब ठेवावयाचा, कर स्वतः आकारून भरावयाचा आणि विवरणपत्र सादर करावयाचे, अशी योजना होती. एका बाजूस हे परिवर्तन घडत असताना शेजारी दहिसरला मुंबई महानगरपालिकेचा जकात नाका ३० जून २०१७ पर्यंत चालूच होता. म्हणजे सात वर्षे मीरा रोडच्या व्यापाऱ्याच्या एका दिशेस वही होती आणि दुसऱ्या दिशेस नाका.

स्थानिक संस्था करामागे कायद्याची सक्ती पूर्ण होती. तरीही तो रुजला नाही. २०१३ साली तो इतर शहरांत लागू होऊ लागताच राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पुकारले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळावे लागले. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येताच तो उरलासुरलाही संपला. व्यापाऱ्यांचा आक्षेप केवळ कराच्या बोजाला नव्हता; पालिकेच्या अधिकाऱ्याने दुकानाच्या वह्या तपासाव्यात, ही गोष्ट त्यांना अधिक जाचक वाटत होती.

वस्तू व सेवा कराविरुद्धही २०१७ च्या उन्हाळ्यात देशात अनेक ठिकाणी बंद झाले. सुरतेच्या कापडबाजारातील बंद विशेष गाजला. त्याच्या संकेतस्थळाचा आरंभही सुरळीत नव्हता. शेवटच्या तारखेस यंत्रणा तुंबत असे. विक्रेत्याचे व खरेदीदाराचे बीजक परस्परांशी ताडून पाहण्याची मूळ योजना इतकी अवघड ठरली की, नोव्हेंबर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने तिच्यातील दोन विवरणपत्रे स्थगित केली. सुलभतेच्या कसोटीवर ही सेवा नापास होण्यासारखी होती. जाचाच्या दृष्टीने ती स्थानिक संस्था करापेक्षा कमी नव्हती. तरीही ती टिकली आणि व्यापाऱ्यांच्या नित्यक्रमाचा भाग झाली. यामागे केंद्र व सर्व राज्यांचे एकत्रित बळ होते, हे खरेच. परंतु दोन करांच्या अंतर्रचनेत एक मूलभूत भेद आहे, आणि उत्तर त्या भेदात आहे.

४

स्थानिक संस्था कर भरणाऱ्याचा त्याच्या गिऱ्हाइकाशी त्या कराच्या बाबतीत काही संबंध नसे. भरलेला कर मालाच्या किमतीत मिसळून जाई. विक्रेत्याने तो भरला वा चुकविला, घेणाऱ्याचे त्यात काही जात नसे. उलट चुकविलेला कर स्वस्त मालाच्या रूपाने त्याच्या पथ्यावरच पडे. मूल्यवर्धित करात आणि वस्तू व सेवा करात मात्र खरेदीवर दिलेल्या कराची वजावट व्यापाऱ्यास मिळते. त्यामुळे विक्रेत्याने पक्के बिल दिले काय, आणि त्या बिलातील कर सरकारात भरला काय, याच्याशी खरेदीदाराचा पैसा बांधला जातो.

या तत्त्वाला महाराष्ट्रात धार आली ती मूल्यवर्धित कराच्या काळात. माल न देता केवळ बिले देणाऱ्या व्यापाऱ्यांचे प्रकरण तेव्हा उघडकीस आले आणि विक्रीकर विभागाने अशा संशयित व्यापाऱ्यांच्या याद्या आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केल्या. २०१२ साली महालक्ष्मी कॉटन जिनिंग या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विक्रेत्याने कर प्रत्यक्ष कोषागारात भरला असेल तेवढ्यापुरतीच खरेदीदारास वजावट मिळू शकेल. या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. प्रामाणिक खरेदीदारासही आता आपल्या विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाची चौकशी करणे भाग पडले, आणि ती चौकशी करण्याची जागा होती शासनाचे संकेतस्थळ. येथे प्रथमच व्यापारी संकेतस्थळाकडे कर भरण्यासाठी न जाता दुसऱ्या व्यापाऱ्याविषयी माहिती घेण्यासाठी गेला.

वस्तू व सेवा करात ही रचना क्रमाक्रमाने घट्ट होत गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये, विक्रेत्याने संकेतस्थळावर न दाखविलेल्या बीजकांवरील वजावटीस मर्यादा घालण्यात आली. ती मर्यादा पुढे दोनदा आवळली गेली. आणि १ जानेवारी २०२२ पासून, विक्रेत्याने दाखविलेल्या आणि खरेदीदाराच्या खात्यात उमटलेल्या बीजकांपुरतीच वजावट उरली. २०१९ अखेरीपासून विवरणपत्रे थकविणाऱ्यास मालवाहतुकीचे ई-वे बिल काढणे बंद झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीच्या उद्योगांना लागू झालेले ई-बीजक ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटी रुपयांच्या उलाढालीपर्यंत खाली आले. ऑक्टोबर २०२४ पासून तर विक्रेत्याचे प्रत्येक बीजक स्वीकारण्याची वा नाकारण्याची सोय खरेदीदारास संकेतस्थळावरच मिळाली. शिवाय नोंदणी क्रमांक टाकला की त्या व्यापाऱ्याची नोंदणी चालू आहे काय आणि त्याने विवरणपत्रे भरली आहेत काय, हे कोणासही पाहता येते.

भाईंदरच्या भांडी-कारखानदाराचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. तो आपला माल घाऊक व्यापाऱ्यास विकतो. त्याने महिन्याचे विवरणपत्र वेळेवर भरले नाही, तर घाऊक व्यापाऱ्याची वजावट अडकते. अशा वेळी करनिरीक्षकाच्या नोटिशीच्या कितीतरी आधी घाऊक व्यापाऱ्याचा दूरध्वनी येतो. कराची रक्कम रोखून धरली जाते. पुढची मागणी दुसऱ्या कारखान्याकडे जाते. शासनाला जे काम असंख्य निरीक्षक नेमूनही साधले नसते, ते बाजारातील परस्परहितसंबंधांनी साधले. अनोळखी माणसांच्या बाजारात नोंदणी क्रमांक आणि नियमित विवरणपत्रे ही पतीची नवी खूण बनली. जुन्या पेठेत दलालाचा शब्द जे काम करी, ते आता शासनाची सार्वजनिक नोंद करू लागली.

वजावटीच्या साखळीत नसलेल्या सेवांनाही हेच सूत्र लागू पडते. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना यांविषयीचा १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा कायदा त्या वर्षाच्या डिसेंबरात अंमलात आला, तेव्हा दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून मुक्त करून केवळ ऑनलाइन सूचना देण्यास सांगण्यात आले. बोली भाषेत ज्याला ‘गुमास्ता’ म्हणतात, तो परवाना अशा दुकानदारास कायद्याच्या दृष्टीने आवश्यक राहिला नाही. तरीही त्या सूचनेची पोचपावती दुकानदार काळजीपूर्वक मिळवितो व जपतो. कारण एकट्याच्या मालकीच्या धंद्याचे चालू खाते उघडताना बँक धंद्याचे पुरावे मागते. १ जुलै २०२० रोजी सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणीही अशीच, तत्त्वतः ऐच्छिक. परंतु लघुउद्योगासाठीच्या कर्जाच्या सवलती तिच्यावर अवलंबून असतात. सक्ती नसतानाही स्वीकार होतो, तेव्हा त्यामागे बहुधा कोणी तिसरा उभा असतो.

हा तिसरा नेहमीच स्वीकाराच्या बाजूने उभा राहतो असे मात्र नाही. सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी विहित मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, न चुकविल्यास खरेदीदारास त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळू नये, अशी तरतूद आयकर कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तेव्हा नोंदणीकृत लहान उत्पादकांकडून माल घेण्याचे काही खरेदीदार टाळू लागल्याची वृत्ते आली. जी नोंदणी बँकेपुढे पत ठरते, तीच उधारीवर चालणाऱ्या बाजारात अडचण ठरू शकते.

५

या विवेचनातून आणखी एक अनुमान निघते. जेथे साखळी संपते, तेथे स्वीकार सर्वांत दुबळा असला पाहिजे. शांतीनगरमधील किराणा दुकान, मिठाईचे दुकान किंवा केशकर्तनालय यांचे गिऱ्हाईक म्हणजे घरगुती ग्राहक. त्याला वजावट मिळत नाही. म्हणून त्याला पक्क्या बिलाचे अगत्य नाही. असा दुकानदार खरेदीच्या बाजूने संकेतस्थळाशी जखडलेला असतो, तर विक्रीच्या बाजूने मोकळा. आपसमेळ योजनेतील व्यापाऱ्यास तर वजावट देण्याचा वा घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

इतर देशांतील अनुभव या अनुमानास पोषक आहे. दीना पोमेरांझ यांनी चिलीतील चार लाखांहून अधिक उद्योगांच्या पाहणीवरून २०१५ साली असे दाखविले की, मूल्यवर्धित करात उद्योगांमधील व्यवहारांची कागदोपत्री साखळी स्वतःच कर चुकविण्यास आळा घालते. तपासणीच्या इशाऱ्याचा परिणाम मुख्यतः अंतिम ग्राहकास केलेल्या विक्रीवर झाला. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्याने २००७ साली बिल मागणाऱ्या ग्राहकास कराचा काही अंश परत देण्याची योजना आखली. म्हणजे साखळीच्या तुटलेल्या टोकाशी ग्राहकालाच हितसंबंधी करून ठेवले. भारतात १ सप्टेंबर २०२३ रोजी ‘मेरा बिल मेरा अधिकार’ ही बक्षीस योजना याच हेतूने काही राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. महाराष्ट्र त्या आरंभीच्या यादीत नव्हता.

६

आता एक प्रश्न उरतो. या सेवा ‘स्वीकारल्या’ असे म्हणताना स्वीकारणारा कोण? डेव्हिस यांच्या सिद्धांतात वापरणारा आणि निर्णय घेणारा एकच असतो. मीरा रोडच्या बाजारात तसे क्वचितच आढळते. मुंबई प्रांतात १ ऑक्टोबर १९४६ पासून विक्रीकर लागू झाला, तेव्हापासून व्यापारी आणि सरकार यांच्यामध्ये करसल्लागारांचा एक वर्ग उभा राहिला. पूर्वीचा मुनीम रोजमेळ व खतावणी लिही. करसल्लागार त्या वहीचे शासनाच्या भाषेत रूपांतर करू लागला. १९५९ चा विक्रीकर कायदा, २००५ चा मूल्यवर्धित कर आणि २०१७ चा वस्तू व सेवा कर या प्रत्येक पायरीवर हे रूपांतर अधिक अवघड झाले आणि हा वर्ग अधिक आवश्यक ठरला. लहान दुकानदार महिन्याच्या ठरावीक तारखेस बिलांचा गठ्ठा, किंवा भ्रमणध्वनीवरून त्यांची छायाचित्रे, सल्लागाराकडे पोहोचवितो. पासवर्ड सल्लागाराच्या वहीत असतो. दुकानदाराचा सहभाग आलेला ओटीपी कळविण्यापुरता. डिमॅजिओ व पॉवेल ज्याला व्यावसायिकांचा शिरस्ता म्हणतात, तो येथे मूर्त स्वरूपात दिसतो. एका सल्लागाराने नवी पद्धत शिकून घेतली की त्याचे सर्व अशील एका दिवसात ‘ऑनलाइन’ होतात.

यातून होणारी सोय उघड आहे. धोका तितका उघड नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या १६९ व्या कलमानुसार नोटीस संकेतस्थळावर उपलब्ध करून देणे हाही ती बजावण्याचा एक वैध मार्ग आहे, आणि १०७ व्या कलमानुसार अपिलाची सर्वसाधारण मुदत तीन महिन्यांची आहे. ज्या दुकानदाराने संकेतस्थळ कधी उघडलेच नाही, त्याच्यावर नोटीस बजावली जाऊ शकते, उत्तर न आल्याने आदेश निघू शकतो आणि मुदतही संपू शकते. त्याला मात्र बँकेने खाते गोठविल्यावरच सारे कळावे, हे शक्य कोटीतील आहे. नाक्यावरील शिपाई निदान डोळ्यांना दिसे. त्याचप्रमाणे, विक्रेत्याच्या कसुरीची शिक्षा खरेदीदाराने भोगावी, ही रचना ज्याच्यापाशी विक्रेता बदलण्याची ताकद आहे त्याला साहाय्यक होते. ज्याला उधारीमुळे एकाच घाऊक व्यापाऱ्याशी बांधून राहावे लागते, त्याला ती दुहेरी जाचक होते.

मीरा-भाईंदरच्या या इतिहासावरून असे प्रतिपादन करता येईल की, उद्योगांना ऑनलाइन शासकीय सेवांच्या दारापर्यंत सक्तीने नेले, सोयीने त्या दारातील वावर सुसह्य केला. पण त्यांना आत टिकवून धरले ते परस्परांवरील आर्थिक अवलंबनाने. ज्या करात हे अवलंबन नव्हते तो सक्ती असूनही सात वर्षांत अस्तंगत झाला. ज्यात ते होते तो गैरसोयी असूनही रुजला. म्हणून नोंदणीच्या वाढत्या आकड्यांवरून व्यापाऱ्यांचा शासनावर किंवा तंत्रावर विश्वास बसला, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक होणार नाही. ते आकडे व्यापारी एकमेकांवर किती प्रमाणात विसंबून आहेत हे सांगतात. विश्वासाचे मोजमाप करावयाचे असेल तर ते वेगळ्या ठिकाणी करावे लागेल : दुकानदाराला स्वतःच्या नावावर आलेली नोटीस स्वतः वाचता येते काय, आणि तिचे उत्तर मुदतीत देता येते काय, या ठिकाणी.